पुढच्या चाकाचा नवस

मी वाईट बाई आहे हे मला विमानात कळलं. तोवर मी स्वतःला बरी समजत होते. वर्ध्याच्या शाळेत शिकवते, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, सासरच्यांचं करते, माहेरी सणावाराला जाते. एवढ्यावर माणूस स्वतःला चांगलं म्हणवून घेतं. तपासून बघायची पाळी कितीशा लोकांवर येते?

माझं माहेर वर्ध्यापासून अर्ध्या तासावर. घरचं वावर, विहीर, आणि बारा महिने भाजी. वांगी, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला कोथिंबीर कोणी म्हणत नाही. वडील लवकर गेले. मोठा भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचा. एका सकाळी टेम्पो उलटला आणि भाऊ त्याच्याखाली सापडला. मागे राहिल्या तिघी: आई, वहिनी आणि दोन वर्षांची भाची. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने मोटर सुरू करून वांग्यांना पाणी दिलं. गावच्या बायकांनी नाकं मुरडली. नवऱ्याची राख निवली नाही अन् ही वावरात. आता वांगी काय दुखवट्यासाठी थांबणार होती? पण हे मीसुद्धा तेव्हा बोलले नाही. मीही थोडं नाक मुरडलंच.

तीन वर्षं वहिनीने घर ओढलं. फवारणीचं औषध, बियाणं आणायला ती एसटीने जाम गावाला जायची. तिथे हायवेच्या चौकात एका माणसाचं कृषी केंद्र होतं. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. कुठल्या अळीला कुठलं औषध हे सांगता सांगता त्याने वहिनीला बघितलं असावं. पण माणूस सरळ. आडून आडून काही नाही, थेट वहिनीच्या वडिलांकडे गेला आणि म्हणाला, पोरीसकट करतो. वडील आमच्या घरी आले, ओट्यावर बसून त्यांनी आईपुढे हात जोडले. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "पुण्यावरून लग्न करून येतो आमी, मंग बसू."

वहिनी आत पोळ्या लाटत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण पोळी नेहमीपेक्षा मोठी लाटली गेली होती. ती बघून मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला पहिली आठवण झाली ती माझ्या वर्ध्याच्या दोन खोल्यांची. वहिनी गेली की आई कुठे जाणार? माझ्याकडे. आणि माझी आई म्हणजे काय चीज आहे ते मला माहीत. पातेल्यावरचं झाकण उघडून बघणार, कोण आलं कोण गेलं विचारणार, माझ्या नवऱ्यासमोर मला 'तुले काई येत नाई' म्हणणार. वहिनी सात वर्षं हे सोसत होती. मला सात दिवस झेपत नाही. दिवाळीला गेले की भाऊबीज उरकून मी पळते.

पुण्याला मामाच्या मुलीचं लग्न होतं. जाताना रेल्वेने गेलो. परत येताना मामाने हौसेने विमानाची तिकिटं काढून दिली. आपल्या बहिणीने एकदा तरी विमानात बसावं, असं त्याच्या मनात. आईने विमानतळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इथं चपला काढा लागते का?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. भाऊ गेल्यापासून ती तशी हसलेली मी बघितली नव्हती.

विमानात वहिनी खिडकीशी, मधे भाची, या बाजूला आई. मी वाटेच्या पलीकडच्या खुर्चीवर. दुपारची वेळ. नागपूर जवळ आलं, विमान खाली येऊ लागलं, पोटाखाली काहीतरी घरघरलं, धक्का बसला. मी आईला म्हटलं, चाकं उघडली. म्हणजे मला किती कळतं ते दाखवलं. खालची घरं, रस्ते, ट्रक दिसायला लागले आणि एकाएकी विमान नाक वर करून पुन्हा आभाळात निघालं.  

मग पायलटचा आवाज आला, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. पुढचं चाक नीट बसलं की नाही याचा संकेत मिळत नाही, आम्ही तपासतो आहोत, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर लोक घाबरले. आई मला म्हणाली, "काय म्हणते थो?" मी सांगितलं, पुढचं चाक उतरलं की नाही ते त्याला कळत नाही. आईला एवढंच ऐकू आलं की चाक उतरलं नाही.

आम्ही घिरट्या घालत राहिलो. खिडकीतून एकदा तळं दिसे, एकदा सूर्य. एकदा अगदी खालून, टॉवरच्या जवळून विमान नेलं. तिथले लोक दुर्बिणीने चाक बघणार होते. पुन्हा वर. हवाईसुंदरी प्रत्येक रांगेत येऊन दाखवत होती, डोकं गुडघ्यांत घालायचं, हात डोक्यावर धरायचे, मी ओरडले की वाकायचं. तिच्या ओठांवर लाली तशीच होती पण दाखवता दाखवता ती स्वतःच चुकत होती. आईने ते चुकणं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या पुढचा माणूस फोनवर स्वतःचाच व्हिडिओ काढत होता, रडत रडत, आणि मधेच केस नीट करत होता.

आईने तेव्हा नवस बोलला.

आमच्या गावाबाहेर लिंबाखाली मातामाय आहे. अडीनडीला सगळे तिलाच बोलतात. आणि आमच्याकडे नवसाची रीत अशी की ज्याच्यावर नवस बोलला त्याने मोठ्याने 'हो' म्हणायचं आणि गाठ त्याच्याच कपड्याला मारायची. मग तो पक्का. एरवी आई नवस बोलायची ती कोंबड्याचा, नारळाचा, फार तर स्वतःच्या उपासाचा. त्या दिवशी ती नातीच्या अंगावरून पलीकडे वाकली, वहिनीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मातामाय, माह्या लेकाची निशाणी जमिनीवर सुखरूप उतरव. माही सून दुसऱ्या कोणाचं कुंकू लावणार नाई. तुले वचन देतो." मग वहिनीकडे बघून, "म्हण हो."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. आसपासच्या लोकांनी माना वळवल्या. एका बाईने तर हात जोडले, जणू हा नवस तिच्यासाठीही होता. आणि होताच की. विमान सगळ्यांचंच होतं. वहिनीचं लग्न मोडून दीडशे माणसं वाचणार असतील तर कोणाला नको होतं? कोणीतरी मागून म्हणालं, "अरे बोल दो ना बहनजी."

"म्हण," आई म्हणाली. "लेकरू मरून राह्यलं तुहं."

भाचीला काही कळत नव्हतं. मरून राह्यलं म्हटल्यावर मात्र ती किंचाळली आणि वहिनीच्या गळ्यात पडायला पट्ट्यातून सुटायची धडपड करू लागली. वहिनीने तिला दाबून धरलं आणि म्हणाली, "हो."

आईने लग्नाच्या पिशवीतून सुपारी काढली, वहिनीच्या पदराच्या टोकात ठेवली आणि गाठ मारली. दात लावून आवळली. मी वाटेच्या या बाजूला अर्धवट वाकून तिरक्या नजरेने ते बघत होते आणि जिवाच्या आकांताने रामराम म्हणत होते. त्यातही, अगदी मरायच्या दारात, माझ्या मनात येऊन गेलं की चला, हे एक बरं झालं. मी त्या विचाराला हाकललं नाही.

विमान उतरलं. आधी मागची चाकं टेकली, मग किती तरी वेळ नाक वरच धरून ते धावत राहिलं आणि मग नाकही हळूच खाली आलं. काहीच झालं नाही. कडेला लाल बंब उभे होते, ते नुसतेच आमच्यामागे धावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. जीव भांड्यात पडला. चार-पाच जण आईच्या पाया पडले. त्या फोनवाल्या माणसाने आईबरोबर फोटो काढला. वहिनीच्या पाया कोणी पडलं नाही.

विमान धावपट्टीच्या टोकालाच थांबवलं होतं. शिडी लावून आम्हाला तिथेच उन्हात उतरवलं आणि बसकडे नेलं. आई पहिली जाऊन बसमध्ये बसली. मी खाली रेंगाळले. केशरी जॅकेट घातलेले दोन कामगार पुढच्या चाकाशी वाकून काही बघत होते. मला राहवलं नाही. त्यातला एक वयस्क होता, त्याला विचारलं, काय झालं होतं? तो अगदी सहज म्हणाला, "मॅडम, पहिया तो पहली बार में ही उतर गया था. लॉक भी बराबर था. सेन्सर खराब था, इसलिए ऊपर बत्ती नहीं जली."

"म्हणजे धोका?"

"धोका कैसा? कुछ नहीं था." आणि तो परत चाकाकडे वळला.

मी बसमध्ये चढले. आईने खिडकीतून मला त्या माणसाशी बोलताना बघितलं होतं. "काय म्हणे थो?" तिने विचारलं.

चाक पहिल्यापासून उतरलेलं होतं, नवसाच्या आधीपासून. एवढं वाक्य. बोलायला किती वेळ लागतो? माझ्या तोंडात ते आलं होतं. आणि मला दिसलं की आई माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि पातेल्यावरचं झाकण काढते आहे.

"काही नाही," मी म्हटलं. "सांभाळून जा म्हणे."

गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली. त्या माणसाचा व्हिडिओ कुठून कुठून फिरत गावातल्या फोनांवर आला होता आणि त्यात आई पदराला गाठ मारताना दिसत होती. मातामायला बायकांनी रांग लावली. वांग्यांना पाणी दिलं म्हणून जिने वहिनीला नावं ठेवली होती, तीच बाई आता म्हणाली, "नशीबवान हाय बाई, देवीनं तुले मागून घेतलं." मागून घेतलं म्हणे. एखाद्या बकरीला म्हणावं तसं.

वहिनीचे वडील आले. ज्या ओट्यावर त्यांनी हात जोडले होते त्याच ओट्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बाप आहे, भांडेल. कसला भांडतो? देवीचं नाव ऐकून म्हातारा हादरला. "बोलून चुकली असंन तं आता काय करता," म्हणाला, आणि लेकीला न भेटताच निघाला. लेक वावरात होती. तिला निरोपही कोणी दिला नाही.

जामचा माणूस मात्र तसा नव्हता. औषधं विकून विकून त्याला सवय होती, पान पिवळं पडलं तर कशाने पडलं ते आधी विचारायचं. मी शनिवारी माहेरी गेले होते तेव्हा तो आला. आईशी बोललाच नाही. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहा. तुम्ही त्या विमानात होत्या. मले एकच सांगा. चाक खरंच उतरत नव्हतं का? का नुसतं मशीनमधी काई दाखवून राह्यलं होतं? ट्रॅक्टरचा काटाबी डिझल असतानी रिकामं दाखवते कधी कधी."

त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. विमानात कधी न बसलेल्या माणसाने जामच्या चौकात बसून ओळखलं होतं. आणि त्याला फक्त मी हवी होते, एक साक्षीदार. आई भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. वहिनी चहा घेऊन आतल्या दारात आली होती.

"चाक उतरत नव्हतं," मी म्हटलं. "पायलटनेच सांगितलं. देवीनेच उतरवलं म्हणा ना."

त्याने वहिनीच्या हातून चहा घेतला, तिच्याकडे बघितलं नाही, चहा पिऊन गेला. वर्षाच्या आत त्याने समुद्रपूरकडची एक मुलगी केली. पत्रिका आमच्याकडेही आली होती.

ती पत्रिका बघितल्यावर मला झोप लागेना असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागत होती. पण शाळेत पोरांना 'खरं बोला' म्हणताना जीभ अडखळायला लागली. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी एसटी पकडून माहेरी गेले. मनाशी म्हटलं, आता सांगितलं तरी काही मोडणार नाही. लग्न तर होऊन गेलं त्याचं. म्हणजे माझा खरेपणाही कधी जागा झाला बघा, सगळं संपल्यावर.

वहिनी विहिरीजवळ सांबाराच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यापुढे बसले, दोन जुड्या बांधू लागले आणि म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं होतं. ते विमानाचं चाक..."

"उतरलेलंच होतं," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "मी तुमच्या मागंच उभी होती न ताई. पोरगी खांद्यावर होती. थो माणूस बोलला थे सारं ऐकलं मी."

माझ्या हातातली जुडी सुटली. "मग बोलली काऊन नाही?"

"मी?" आता तिने माझ्याकडे बघितलं. "मी बोलली असती तं लोकं काय म्हणले असते? लग्नाले उतावीळ झाली म्हणून देवीले खोटं पाडते. तुम्ही या घरच्या लेक. तुम्ही बोलल्या असत्या तं खरं झालं असतं. मी बसमधी वाट पाह्यली. घरी आल्यावर वाट पाह्यली. थे जामवरून आले त्या दिवशी चहा उकळून गेला माह्या हातून, मले वाटलं आता सांगतीन ताई."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, गप्प केलं नाही. माझ्यापुढची सुटलेली जुडी उचलून परत बांधली. मग म्हणाली, "बरं झालं आल्या. म्या सावंगीले खोली पाह्यली हाय. तिथं कॉलेजच्या पोरापोरींची वस्ती हाय, भाजीचं दुकान चालते. पोरीचं शाळेत नावबी घातलं. वावर मक्त्यानं कसाले दिलं तुमच्या काकाले. आईच्या गोळ्या कोणत्या कवा द्याच्या थे कागदावर लिहून ठेवलं तुमच्यासाठी."

"अगं पण नवस..."

"नवस कुंकवाचा होता ताई. भाकरी थापाचा नव्हता."

तर आता आई माझ्याकडे आहे. दोन खोल्यांत. झाकणं उघडते, आल्यागेल्याची चौकशी करते, माझ्या नवऱ्यासमोर मला हवं ते म्हणते. वहिनीला वाटेल तशा शिव्या देते, की देवीनं राखलेली सून अन् म्हातारीले टाकून गेली. मी ऐकून घेते. मूग गिळून बसायची मला सवय आहे.

परवा शेजारची बाई आली होती. आईने तिला विमान ऐकवलं, पहिल्यापासून. चाक कसं अडलं, मातामायने कसं ओढून काढलं. आणि शेवटी म्हणाली, "असी देवी पावली, पण सून नमकहराम निघाली." मला काय झालं कोण जाणे. शेजारीण जाताच मी भांडं आपटलं आणि म्हटलं, "आई, चाक अडलंच नव्हतं. पहिल्यापासून उतरलेलं होतं. दिवा तेवढा लागत नव्हता."

 "कोण सांगतलं तुले?"

"तिथल्या माणसाने. खाली उतरल्यावर."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मी तुले बसमधी विचारलं होतं."

"हो."

मला वाटलं ती म्हणेल, खोटं आहे, देवीनेच दिवा विझवला असेल. तेच म्हणेल अशी माझी खात्री होती. त्या खात्रीवरच तर मी इतके दिवस जगत होते. आईला सांगून काय उपयोग होता, ती थोडीच ऐकणार होती, असं.

आई पायाची बोटं दाबत बसली. मग म्हणाली, "भेवानं बोलली होती मी. भेवच खोटं होतं तं नवस कशाचा? त्याच दिवशी बसमधी गाठ सोडली असती म्या."

"नसती सोडली," मी म्हटलं.

"नसन सोडली," आई म्हणाली. "पण तू सांगून तं पाह्यलं असतं."